तिसरं कडवं

सतराव्या अधोलीला रखमाजी चुकला. भोरच्या पेठेतल्या भाताच्या वखारीत तो बावीस वर्षं मापाडी होता आणि बावीस वर्षांत त्याची जीभ आकड्यावरून घसरली नव्हती. अधोलीचं पहिलं माप ‘लाभ’ म्हणून ओतायचं, मग दोन, दोन, दोन, तिसरी भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचं, म्हणजे मध्ये कुणी हाक मारली काय, पोत्यातून विंचू निघाला काय, आकडा जागचा हलत नाही. त्या सकाळी तो सतरा, सतरा करत होता. दारात गेनू हमाल फाटकं पोतं शिवत बसला होता आणि सुतळी ओढता ओढता गात होता. दोन कडवी त्यानं बरी म्हटली. तिसऱ्याला मात्र त्यानं गाणं एकदम पळवलं, मागे कुत्रं लागल्यासारखं, आणि शेवटचा शब्द अर्धा तोंडात, अर्धा घशात ठेवून गप्प झाला. रखमाजीच्या हातातली अधोली भरून तशीच राहिली. पुढचा आकडा येईना. हिर्डोशीकडचा ज्याचा भात होता तो म्हातारा त्याच्याकडे संशयानं बघायला लागला, वखारीचा मालक गादीवरून हसला, मापाडी आता घरी बसायचे झाले म्हणाला, आणि रखमाजीला सगळी रास पुन्हा लाभापासून मोजावी लागली.

मोजताना तो आतल्या आत गेनूला शिव्या घालत होता. ते त्याच्या अंगवळणीच पडलं होतं. वर्षभरात भोरमध्ये गाणारी जी जी तोंडं त्याला दिसली ती सगळी त्याला सारखीच वाटत होती, नुकतंच कुणीतरी चावी दिलेली. पूर्वी माणूस गायचा तो आपल्या बापासारखा, नाहीतर आपल्या गावासारखा. वेळवंडीकडचा वेगळा, वरंध्याकडचा वेगळा, धनगरवाड्यावरचा तर आवाज ऐकूनच कळायचा, कारण त्याला समोरच्या डोंगराला ऐकू जाईल असं गायची सवय. आता सगळे चिमाजीनं वर्षापूर्वी हॉटेलात आणलेल्या ग्रामोफोनच्या थाळीसारखे गात होते. तीच नाकातली लकेर, तोच मध्ये खोटा उसासा, आणि तीच तिसऱ्या कडव्याची पळापळ. शिंप्याचा भाऊ तर गाणं सुरू करायच्या आधी तोंडानं खरखर करायचा, सुई टेकल्यासारखी. लोक त्याला हसत नसत. लोकांना ते बरोबर वाटायचं. रखमाजीला या लोकांची कीव यावी असं बनाबाईचं, त्याच्या बायकोचं म्हणणं होतं. पण त्याला कीव येत नव्हती, किळस येत होती, आणि किळस आली की त्याला जरा बरं वाटायचं.

कारण त्याला स्वतःला गाता येत नव्हतं. गळा होता, पण डफ बांधलेला होता. रखमाजी कलगीवाला. कलगीवाले शक्तीला थोर म्हणणारे, तुरेवाले शिवाला. जत्रेत दोन फड समोरासमोर बसायचे, एकानं गाण्यातून सवाल घालायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. मागल्या चैत्रात हिर्डोशीच्या जत्रेत शिवऱ्याच्या सोनबानं, तीस वर्षं समोर बसत आलेल्या तुरेवाल्या वैऱ्यानं, त्याला सवाल घातला: नाद आधी का कान आधी? ऐकणारा नसताना नाद होता म्हणता, तर तो कुणी ऐकून सांगितला? आणि नाद नसताना कान होता म्हणता, तर तो कशासाठी होता? रखमाजीनं पुराणं धुंडाळली, शब्द फिरवले, वेळ काढला, पण जबाब आला नाही. मग रिवाजाप्रमाणे सोनबानं उठून आपलं उपरणं त्याच्या डफावर बांधलं. ती गाठ बांधणाऱ्यानंच सोडायची, पुरा जबाब ऐकल्यावर, आणि पुढल्या जत्रेच्या आत. तोवर त्या डफावर थाप नाही, त्या शाहिराचं कुठल्या गावात गाणं नाही. आणि वर्ष उलटलं तर डफ समोरच्याच्या घरी जायचा. डफ रखमाजीच्या गुरूचा, कोंडिबाचा. कोंडिबानं मरताना तो त्याच्या मांडीवर ठेवला होता. तो आता भोरच्या खोलीत खुंटीवर सोनबाच्या उपरण्यात तोंड बांधून टांगलेला होता, आणि चैत्राला वीस दिवस उरले होते.

जबाब मात्र त्याच्याकडे आला होता. श्रावणात, नीरेच्या काठी कपडे पिळत असताना आला होता. चाळीस कडव्यांचा जबाब त्यानं बांधला, एकेक कडवं अधोलीसारखं काठोकाठ भरून, वर हात फिरवून. पहिली कडवी नुसती वाट तयार करणारी. मग पंचमहाभूतं, मग गर्भातलं पोर, मग रिकामं देऊळ, मग खाणीतला दगड; एकेका पायरीनं सोनबाचं एकेक बोट सोडवायचं आणि अडतिसाव्या कडव्यात मूठ उघडायची. नाद आधी नव्हे, कान आधी नव्हे. आधी तो, जो काहीतरी येईल म्हणून थांबला. थांबण्यातून कान झाला, आणि कान झाला म्हणून नादाला यायला जागा मिळाली. हे सांगायला तीन ओळी पुरतात, हे रखमाजीला ठाऊक होतं. पण तीन ओळींत सांगितलं तर ते नुसतं बोलणं. अडतीस कडवी थांबून ऐकणाऱ्यालाच ते कळणार, कारण तोवर तो स्वतःच थांबलेला असणार. असा जबाब कोंडिबालाही जमला नसता असं त्याला वाटायचं आणि मग त्याची त्यालाच लाज वाटायची. तो ऐकून समजणारा अख्ख्या मुलखात एकच माणूस होता, आणि तो माणूस सोनबा. रखमाजीला दुसऱ्या कुणाचं काहीही नको होतं. सोनबानं चाळीस कडवी ऐकावीत आणि गाठ सोडावी, बस.

दुपारी वखार बंद झाल्यावर तो गेनूपाशी थांबला. न थांबता गेला असता तर बरं झालं असतं. गेनू काही पोरगा नव्हता, तिशीचा, दोन पोरांचा बाप, पाठीवर तीन मणांचं पोतं घेऊन पळणारा. रखमाजीनं त्याला विचारलं की ते राखणवालीचं गाणं तू तिसऱ्या कडव्याला पळवतोस का? तिथं तर बाई शेतातल्या माळ्यावरून चहूकडे नजर टाकते. नजर टाकायला वेळ लागतो. तिथं लय उलट बसली पाहिजे. गेनूनं सुई पोत्यात खोचली.

“थाळीत असंच हाय, तात्या.”

“थाळीत चुकलंय.”

“थाळी कशी चुकंल?” गेनू अगदी सरळ म्हणाला. “माणूस चुकतो. ती रोज लावा, रोज तसंच म्हनती.”

यावर रखमाजीला पुष्कळ बोलता आलं असतं. एक गोष्ट बोलता आली असती की सगळं बोलणंच संपलं असतं. ती त्यानं अकरा वर्षं घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. तो चालायला लागला. मागे गेनू पुन्हा गात होता, शेत पिकलं गं, पाखरं आली, उभी माळ्यावर राखणवाली, आणि ‘राखणवाली’वर बाकीच्या हमालांनी एकमेकांना डोळे घातले असणार हे त्याला मागे न बघता कळलं.

त्या थाळीत रखमाजी होता. अकरा वर्षांपूर्वी शिरवळच्या जत्रेत एका टोपीवाल्या माणसानं त्याला ऐकलं आणि मोटारीनं पुण्याला नेलं. कुठल्याशा पेठेत माडीवर खोली, खिडक्यांना रजया लावलेल्या, चैत्रातला उकाडा, आणि मधोमध एका काठीवर भोकाभोकांची पेटी. इथं ओरडायचं नाही, टोपीवाला म्हणाला. पूर्वी कर्ण्यात ओरडावं लागायचं, आता या पेटीला कुजबूजसुद्धा कळते. रखमाजीला तेव्हाच तिथून उठायला हवं होतं असं आता वाटायचं. ज्या गळ्यानं जत्रेतल्या शेवटच्या बैलगाडीवरच्या माणसाला उठवून बसवायचं त्या गळ्याला कुजबुजायला सांगतात, तेव्हा माणसानं उठावं. पण तो हसला होता. त्याला हसल्याचं आठवायचं, आणि टोपीवाल्याचं तोंड आठवण्यापेक्षा आपलं ते हसू आठवणं त्याला जास्त जड जायचं. मग त्यांनी डफ वाजवून बघितला आणि आतल्या खोलीतून गोरा साहेब धावत आला. डफानं सुई उडत होती. डफवाल्याला, म्हणजे रखमाजीच्या सख्ख्या भावाला, सावळाला, त्यांनी बाहेर जिन्यात बसवलं, डफावर घोंगडी टाकली. तरी जमेना, तेव्हा डफ नकोच म्हणाले. त्याच्या जागी तबला आणला आणि पिपाणीसारखं एक काळं विलायती वाद्य वाजवणारा मनुष्य आणला. सावळा जिन्यातच बसून राहिला. त्यानंतर दोन वर्षांनी तो तापानं गेला, पण जिन्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही.

मग प्रश्न आला वेळेचा. ती राखणवालीची लावणी बत्तीस कडव्यांची होती. साहेबानं घड्याळ दाखवलं: तीन मिनिटं, वर थोडी. मेणाच्या थाळीला तेवढीच जागा. रखमाजीनं समजावून बघितलं की हे शेत म्हणजे देह आहे, पाखरं म्हणजे इंद्रियं, माळ्यावरची राखणवाली म्हणजे शक्ती. पण हे उघड होतं अकराव्या कडव्यात, तोवर ऐकणाऱ्याला नुसतं शेत दाखवत न्यायचं. टोपीवाल्यानं मान डोलावली, पहिली तीन घ्या म्हणाला, लोकांना शेतच हवंय. म्हणून पहिली तीन घेतली. आणि अशा रीतीनं कोंडिबाच्या फडातली शक्ती त्या दिवशी माळ्यावर उभी राहिलेली एक ठसठशीत पोरगी झाली आणि तशीच राहिली, तिला खाली उतरवायला अकरावं कडवं कधी आलंच नाही.

टोपीवाला समोर उभा होता. एक बोट वर केलं की शेवटचं मिनिट, मूठ मिटली की खलास, असं ठरलं होतं. रखमाजी डोळे मिटून गाणारा माणूस, त्याला डोळे उघडे ठेवायला लावले होते. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यानं सवयीनं एक आलाप घेतला, नको तेवढा, कारण आलाप घेताना समोर लोक असतात आणि लोकांच्या माना डोलतात. इथं समोर एक बोट होतं. तिसरं सुरू करतो न करतो तोच बोटाच्या शेजारची बोटं मिटायला लागली. मूठ होणार, होणार, आणि रखमाजी धावला. जन्मात कधी धावला नाही तसा धावला. शब्द एकमेकांवर पडले, तबलेवाला मागून फरफटत आला, आणि शेवटच्या शब्दाला मूठ मिटली म्हणून त्यानं तो अर्धा गिळला. साहेब आतून आनंदानं बाहेर आला. शेवट फार जिवंत झाला म्हणे. थाळीवर नाव काय घालायचं असं विचारलं तेव्हा रखमाजीला कोंडिबा दिसला, सोनबा दिसला. समोर सवाल घालणारा कुणी नसताना बंद खोलीत गायलेला कलगीवाला कुठल्या तोंडानं फडात बसणार? मास्टर भोरकर घाला, तो म्हणाला. ही गोष्ट सावळाला माहीत होती आणि बनाबाईला.

बनाबाईनं त्याला भाकरी वाढली. ती खोलीभर फिरत काम करायची आणि काम करता करता बोलायची. तो ऐकत नाही हे तिला माहीत होतं, त्यामुळे तिला मोकळं बोलता यायचं. आज चिमाजीच्या हॉटेलावरून येताना ती थाळी लागली होती, तिनं सांगितलं. ती उभी राहून ऐकून आली. तिला ती आवडायची. त्यानं विचारलं, त्यात काय आवडण्यासारखं आहे.

“तुमचा गळा हाय की. चाळिशीतला.” ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “आन ते गानं सपतं. घरी तुमी सुरू केलं का माझी चूल इजून जाती.”

तो रागावला नाही. तिच्याकडून त्यानं कधी काही अपेक्षाच केली नव्हती, आणि अपेक्षा न करण्यात एक प्रकारचा तुच्छतेचा आराम होता, जो संसारात त्याला फार उपयोगी पडला होता. पण चाळिशीतला गळा हे तिचे शब्द पोटात राहिले. तो रोज हॉटेलावरून जायचा. आत कधी जायचा नाही, समोर चांभाराच्या दुकानाशी वहाण दाखवायचं निमित्त करून उभा राहायचा. आत कपबश्या वाजायच्या, कुणी भजी मागायचं, कुणी खटल्याच्या तारखेबद्दल बोलायचं, आणि त्या सगळ्यातून त्याचा स्वतःचा आवाज यायचा, पातळ, नाकातला, डफाविना उघडा पडलेला. कुणी मान वर करत नसे. संपलं की चिमाजी चावी द्यायचा आणि पुन्हा तेच. तिसरं कडवं जवळ यायला लागलं की रखमाजीची छाती भरून यायची, आज तरी हा माणूस थांबेल, आज तरी नजर टाकायला वेळ घेईल. आणि तो माणूस रोज त्याच जागी पळायचा. असं किती वेळा ऐकलं असेल? शंभर? दोनशे? घरी आल्यावर तो चूळ भरायचा.

तीन दिवसांनी, भर दुपारी, सोनबा दारात उभा राहिला. शिवऱ्याहून सर्व्हिस मोटारीनं आला होता, धोतरावर रस्त्याचा लाल फुफाटा, डोक्याला नेहमीचा पटका, पण पटक्याखालचं तोंड रखमाजीला आठवत होतं त्यापेक्षा लहान झालेलं. बनाबाईनं पाण्याचा तांब्या दिला, गूळ दिला आणि ती शेजारी फुलाबाईकडे निघून गेली. सोनबानं खुंटीवरच्या डफाकडे, आपल्या उपरण्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग त्यानं एकेक करून सांगितलं. हिर्डोशीच्या पंचांनी यंदा पुण्याहून कर्णा ठरवलाय, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. त्याच्यावर थाळ्या लागणार. भोरचा कुणी गेनू म्हणून आहे तो कर्ण्यापुढं उभा राहून गाणार. कलगी-तुऱ्याला जेवणाआधी थोडा वेळ काढून ठेवलाय. मोडून टाकत नाहीत, मान ठेवतात, पण थोडक्यात म्हणा म्हणतात. रखमाजीनं पंचांबद्दल एक अत्यंत वाईट शब्द वापरला. सोनबानं हसून मान हलवली, पण तो शब्द त्यानं उचलला नाही, आणि तिथं रखमाजीला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं झालं.

“तवा म्या म्हनलं, शाहीर,” सोनबा म्हणाला, “जबाब हितंच ऐकूनशान घ्यावा. गाठ सोडतो. जत्रंत मग दोगंबी मोकळं.”

रखमाजीला आतून एकदम रडू आल्यासारखं झालं. कर्णा असो, गेनू असो, पंच मरोत. हा माणूस मात्र वीस मैलांची धूळ खात ऐकायला आला होता. चाळीस कडव्यांना माणसं लागतात असं कोण म्हणतं? एक माणूस पुरे. भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत, डफाविना, कोंड्याच्या पोत्यावर बसलेला एक सोनबा पुरे. तो म्हणाला, “चाळीस कडवी हायती.” सोनबा म्हणाला, “व्हय, म्हना की.” रखमाजीनं कोपऱ्यातलं तुणतुणं काढलं, पुसलं, तार लावली. वर्षभर तो नदीवर, वखारीत, झोपेत हे गायला होता, पण माणसापुढं नाही.

धर धीर गड्या, बस मांडी घालून, उत्तर माझं येतंय चालून. आवाज लागला. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, इतका भरून लागला. पत्रा दुमदुमला. सोनबा ताठ झाला, त्याचा उजवा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला, आणि रखमाजीनं जुन्या सवयीनं डोळे मिटले. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्यात त्यानं सवाल जसाच्या तसा पुन्हा मांडला, मोठ्या मनानं, सोनबाच्या सवालाची थोरवी सांगत, कारण रिवाज तसा होता आणि कारण तो सवाल खरंच थोर होता. कडव्याच्या शेवटी आलाप आला. तो घेताना त्याला सुख झालं. अजून अडतीस आहेत, त्याला वाटलं, अजून सगळी दुपार आहे.

आणि आलापाच्या शेवटाला, मिटलेल्या डोळ्यांच्या आत, कुठंतरी उजव्या बाजूला, त्याला काहीतरी कमी कमी होत चाललंय असं वाटलं. जागा संपत चाललीय. त्यानं तिसरं सुरू केलं. पहिली ओळ बरोबर बसली. दुसऱ्या ओळीला त्याची जीभ पुढे गेली. त्यानं मागे ओढली, ती गेली. हे काय होतंय, तो मनात म्हणत होता, थांब, इथं वाट तयार करायला सुरुवात आहे, इथं थांबायचं आहे, इथं तर थांबणंच आहे सगळं. आणि त्याचा गळा धावत होता. सुरात धावत होता, ठेक्यात धावत होता, दोनशे वेळा चांभाराच्या दुकानाशी उभं राहून ऐकलेला, कधी न चुकणारा गळा. शब्द एकावर एक आले, तार वेड्यासारखी वाजली, आणि शेवटचा शब्द त्यानं अर्धा गिळला.

रखमाजीनं डोळे उघडले नाहीत. चौथं कडवं त्याच्या ओठांवर होतं, ते पहिल्या संथ लयीत उचलायचं, झालं ते झालं, सोनबा समजून घेईल, दम लागला म्हणून सांगू. त्यानं श्वास घेतला. तेवढ्यात पोत्यातला कोंडा करकरला आणि पावलं खुंटीकडे गेली. त्यानं डोळे उघडले तेव्हा सोनबानं डफ खाली घेतला होता आणि दातानं गाठ सैल करत होता. वर्षभराची गाठ, पावसाळ्यातल्या ओलीनं घट्ट झालेली, चटकन निघेना. निघाली. सोनबानं उपरणं झटकलं, त्यातून धूळ उडाली, आणि ते खांद्यावर टाकून त्यानं डफ दोन्ही हातांनी रखमाजीच्या पुढं धरला. त्याचे डोळे ओले होते. खोटे ओले नव्हते, हे रखमाजीला तीस वर्षांच्या ओळखीमुळं कळलं.

“फिटलं,” सोनबा म्हणाला. “शेवट लई झ्याक केला, शाहीर. त्या थाळीवाल्या भोरकरालाबी असा सादायचा न्हाई. म्यासुदिक घरी करूनशान बगतो, मला जमत न्हाई.”

उत्तर अजून आलंच नव्हतं. रिकाम्या देवळाच्या पायरीवर पाऊलसुद्धा पडलं नव्हतं, अडतिसावं कडवं तर कुठच्या कुठं. नाद आधी का कान आधी, हे ज्यानं विचारलं होतं, ज्यानं ते विचारून गुरूच्या डफाचं तोंड वर्षभर बांधलं होतं, त्याला काय विचारलं होतं हेच आता आठवत नव्हतं, किंवा आठवत होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. रखमाजीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गेनूकडे बघताना जे वाटायचं, चिमाजीच्या गिऱ्हाइकांकडे बघताना जे वाटायचं, ते सगळं वर यायला लागलं, आणि सोनबाच्या तोंडावर ते कुठं टाकावं हे त्याला कळेना, कारण ते तोंड सुखी होतं. एवढंच म्हणायचं होतं: बसा, सदतीस राहिलीत. हा माणूस बसलाही असता. रिवाजाला धरून बसला असता, मांडी घालून, दाराकडे बघत, चारच्या मोटारीची वेळ मनात मोजत, आणि रखमाजीला चौथ्या कडव्यापासून चाळिसाव्यापर्यंत ते मोजणं ऐकू आलं असतं.

सोनबा वहाणा घालत होता. दारातून वळून त्यानं विचारलं, “मग जत्रंत येवढंच म्हनायचं न्हवं?”

“व्हय,” रखमाजी म्हणाला. “येवढंच.”